व्रण लवकर भरतो

३ फेब्रुवारी

भावजी,

त्या सकाळी मी आधी पाणी भरलं, मग दूध तापवलं, मग सरसाचं भांडं स्टोव्हवर चढवायला घेतलं. सरस उशिरा चढला की पुस्तकबांधणीचं सगळं काम खोळंबतं, म्हणून हे आतून ओरडत होते, "चढवलास का?" आणि मी न चढवताच "चढवला हो" म्हणत होते. छबी खिडकीशी केस विंचरत होती, मान एका खांद्यावर पूर्ण टाकून, सगळे केस पुढे घेऊन. तुम्ही कागदाच्या थप्पीवर बसला होतात. "थप्पीवर बसू नकोस, कोपरे मुडपतात," असं ह्यांनी तुम्हाला सांगितलं, तुम्ही "हो दादा" म्हणालात आणि तिथेच बसून राहिलात. तुमच्याजवळ दंतमंजनाच्या बाटल्या होत्या. त्यातलं चिमूटभर माझ्या चहाच्या कपात टाकून ते कसं फेसाळतं ते तुम्ही आम्हाला दाखवलंत. मग मी केर काढला, पुठ्ठे कापले, तुमचा फेसाळ चहा मोरीत ओतला, आणि दुपार झाली.

त्या सकाळी काहीच घडलं नाही. तसल्या सकाळी आता होत नाहीत म्हणून ती आठवते. हे गेले. त्यांच्यामागून वर्षभरात तेच सरसाचं भांडं कलंडलं आणि छबीच्या उजव्या जबड्यावरून मानेवर उतरलं. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुमच्या लक्षात काय राहतं आणि काय नाही याचा मला भरवसा नाही.

मंजनानंतर तुम्ही केसांचं तेल काढलंत. त्या तेलाने तुमचे स्वतःचे केस गेले तेव्हा तुम्ही ते टकलासाठी असल्याचं सांगायला लागलात. आता ऐकते की पोटातल्या जंतूंनी कातडीवरचे डाग घालवता. खुशाल घालवा. लोकांना फसायची हौस असते आणि तुम्हाला फसवायची, मध्ये मी कशाला पडू?

पण छबीचं पत्र आलं आहे. त्यात तिने सहज लिहावं तसं लिहिलं आहे, "काकांची भुकटी सुरू झाली." भावजी, ती तुमच्याकडे कामाला आली आहे, औषधाला नाही. कातडीच्या डॉक्टरांनी तिला काय सांगितलं होतं ते नीट ऐका. व्रण मानेवरून दोरीसारखा ओढतो आहे. त्यात ठरावीक दिवसांनी सुया घ्यायच्या, रोज पट्टी लावायची. नाहीतर मान आखडत जाईल आणि मग कापाकापीशिवाय सुटणार नाही. ती दोनदा सुई घेऊन आली आणि नंतर गेलीच नाही. त्याच महिन्यात तिने तुमच्या गावाची बस धरली. तुमची भुकटी बंद करा आणि तिला सुईला पाठवा. एवढंच काम आहे.

वहिनी

११ फेब्रुवारी

ती. वहिनींस नमस्कार,

तुमचं पत्र पोचलं. पाकीट फोडल्याबरोबर हात भाजला. दादा असताना तुम्ही मला निदान चहा देऊन बोलायचात, आता कोरडंच.

वहिनी, मंजनाचं सोडा. तेव्हा मी अडाणी होतो. आता मी शास्त्राच्या आधाराने चालतो. आपल्या पोटात अब्जावधी जंतू राहतात हे तुम्हाला माहीत आहे का? ते जे खातात त्यातून रस निघतात, ते रस रक्तात जातात आणि थेट कातडीवर काम करतात. मोठमोठ्या प्रयोगशाळांत यावर काम चालू आहे. मी तेच डब्यात भरून गरिबाच्या दारात आणलं. "अंतःकांती" नाव कसं वाटतं? डब्यावर खाली लिहिलं आहे, "पोट शांत, कांती निवांत." हे मला अंघोळ करताना सुचलं.

तुम्ही वाचणाऱ्या, म्हणून मूळ इंग्रजी कागदच सोबत पाठवतो. प्रयोगाचे आहेत. आमच्या शेजारी शिकवणी घेणारे मास्तर आहेत, त्यांच्याकडून भाषांतर करून घेतलं आणि त्यातलं मुख्य वाक्य डब्यावर जसंच्या तसं घातलं: "या जंतूंनी व्रण लवकर भरतो हे प्रयोगाने सिद्ध." माझ्या मनाचा एक शब्द नाही. एक डबाही पाठवतो. तुम्ही घ्या, रंग उजळेल.

छबी मजेत आहे. काउंटर तीच सांभाळते. गिऱ्हाइकाशी गोड बोलते, हिशेबाला पक्की. मानेचं विचाराल तर मान ताठ आहे, अगदी तुमच्यासारखी.

तुमचा,
भावजी

२६ फेब्रुवारी

भावजी,

मान ताठ आहे म्हणून तुम्ही विनोद केलात. ती ताठ आहे कारण ती वळत नाही. मागून हाक मारली की छबी खांद्यासकट वळते, हे चार महिने एका घरात राहून तुम्हाला दिसलं नसेल तर तुमच्या डोळ्यांत घालायला काहीतरी काढा, खपेल.

तुमचे इंग्रजी कागद मी वाचले. वाचनालयातली फाटकी पुस्तकं माझ्याकडे बांधायला येतात. तेव्हा मोठा इंग्रजी-मराठी कोश माझ्याकडेच होता, पाठ सुटलेला. तो शिवायच्या आधी मी त्याच्यावरून तुमचे कागद लावले. एक एक शब्द काढायला बरेच दिवस गेले आणि अर्ध्याहून जास्त मला कळलं नाही. आधी वाटलं, आपलंच डोकं कमी पडतंय. मग चित्रं बघितली. उंदराच्या पाठीवर एक भोक आहे. पुढच्या चित्रात ते लहान आहे, त्यापुढच्यात आणखी लहान, शेवटी बंद. चित्रात व्रण कुठे आहे म्हणून मी शोधत राहिले. नाहीच. भोकच आहे.

तेव्हा मला तुमचा घोळ कळला. तुमच्या मास्तरांनी जखमेला "व्रण" म्हटलं आहे. वाचनालयातल्या मराठी कोशात व्रणाचा पहिला अर्थ उघडी जखम असाच दिलाय, जुन्या वैद्यकातही तसाच. खूण हा अर्थ नंतरचा. मास्तर पुस्तकी माणूस, त्याने पुस्तकी शब्द घातला. तुम्ही तो वाचलात आणि तुम्हाला आपल्या घरातला व्रण दिसला, जखम बरी झाल्यावर मागे राहतो तो. जखम भरली म्हणजे बरी झाली. व्रण भरला म्हणजे काय होतं, भावजी? तो फुगतो. छबीचा व्रण भरतोच आहे. दर महिन्याला भरतोय. त्याला भरायला तुमच्या डब्याची काय गरज होती? तुम्ही डाग असलेल्या माणसांना डाग वाढवायचं आश्वासन विकताय, तेही प्रयोगाने सिद्ध.

आणि तुम्हाला वाटत असेल की वहिनी जंतूंनाच हसते, तर तसं नाही. त्यांचा मला राग नाही, ते बिचारे आपापलं काम करतात. मी त्याबद्दल मासिकांतून, मिळेल तिथून वाचलं. न पचलेला कोंडा आणि साली मोठ्या आतड्यात जातात, तिथे जंतू त्या खातात आणि बारीक आम्लं सोडतात. ती रक्तात जातात हे खरं आहे. जखम झाली की कातडीतल्या काही पेशी धागे विणायला बसतात. जखम मिटली की त्यांनी उठायचं असतं. छबीच्या पेशी उठत नाहीत, विणतच राहतात. पोटातून आलेली ती आम्लं या पेशींना "पुरे" म्हणतात का, आणि कुठली म्हणतात, हे शोधणं चालू आहे. काही प्रयोगांत ती म्हणतात असं दिसतं. दुसरीकडे, अंगात जंतूच नाहीत अशा तऱ्हेने वाढवलेल्या उंदरांना व्रण कमी राहिला असंही वाचलं. म्हणजे काही जंतू "आणखी विण" असंही सांगत असतील. जे लोक हे शोधताहेत ते "कदाचित"शिवाय वाक्य लिहीत नाहीत. तुमच्या डब्यावर "कदाचित" कुठे आहे? जागा पुरली नाही का?

ते धागे कसले असतात तेही वाचलं. जनावरांच्या कातडीतून तेच द्रव्य उकळून काढलं की सरस होतो. माझ्या भांड्यात जे शिजतं तेच माझ्या मुलीच्या मानेवर साचत चाललं आहे. मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी काम केलं नाही.

तुमचा डबा उघडला. वास दुधाच्या भुकटीचा आहे. उघड्यावर ठेवला, मुंग्यांना आवडला. मुंग्यांचा रंग उजळल्याचं अजून दिसत नाही.

छबीला सुईला पाठवा.

वहिनी

४ मार्च

वहिनी,

मास्तरांना विचारलं. ते म्हणाले कोशात दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे मी निम्मा तरी बरोबर आहे. निम्मं बरोबर असलेलं औषध बाजारात कुठे मिळतं सांगा.

तुम्ही पुस्तकं चिकटवता, मी डबे विकतो. दोघांचं पोट कागदावरच चालतं. त्यात एवढं नाक वर करण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. दादा होते तेव्हा ते निदान हसायचे. लोक माझ्याकडे का येतात? डॉक्टर त्यांच्याकडे दोन मिनिटं बघत नाही. मी बघतो. खुर्ची देतो, पाणी देतो, सगळी कहाणी ऐकतो. डबा त्यानंतर.

सुयांचं म्हणाल तर ते छबीला विचारा, मला नको. मी तिला धरून ठेवलेलं नाही. ती लहान आहे का? का गेली नाही हे ती तुम्हाला सांगत नसेल तर त्याला मी काय करू?

नवीन छपाईचा डबा पाठवतोय. "व्रण"चा "डाग" केला आहे, आता खूश व्हा. फोटोही घातलेत. आपल्या छबीची छबी बघा, किती खुलून आली आहे.

भावजी

१९ एप्रिल

भावजी,

डबा आला तेव्हा मी आजारी होते, म्हणून लिहायला उशीर झाला. ताप उतरला. राग उतरलेला नाही.

डब्यावर दोन फोटो आहेत. "आधी" या फोटोत छबीचा उजवा जबडा आणि मान, सगळं जसं आहे तसं. "नंतर" या फोटोत तीच बाजू, स्वच्छ. मी शेजारणीला बोलावून दाखवला. "बाई गं, गेलं की सगळं," असं ती म्हणाली आणि तिने तुमचा पत्ता मागितला. क्षणभर, भावजी, मीही तुमचं गिऱ्हाईक झाले होते. हे तुम्हाला सांगायची मला लाज वाटते, पण तुम्हाला लाज म्हणजे काय ते कळावं म्हणून सांगते.

मग मी डबा दिव्याजवळ नेला. "नंतर"च्या फोटोत कानाच्या पाळीमागे तीळ आहे. छबीला तीळ आहे, पण डाव्या कानामागे. ती पाळण्यात होती तेव्हापासून मी तो पुसत आले, काजळ लागलं असं वाटून. उजव्या कानामागे तीळ कधीच नव्हता. तुम्ही तिची डावी बाजू काढलीत आणि फोटो उलटा करून छापलात.

मंजन विकलंत, तेल विकलंत, त्यात निदान बाटलीत काहीतरी असायचं. आता तुम्ही माझ्या मुलीची धड बाजू विकताय. ती काउंटरवर बसते आणि तिच्या पाठीमागे फळीवर तिचेच चेहरे रचलेले असतात, अर्धे भाजलेले, अर्धे खोटे. ह्यांच्या सख्ख्या भावाने हे केलं. तुम्हाला "भावजी" लिहिताना माझा हात अडतो. दुसरा शब्द सापडला की तो लिहीन, कोश अजून माझ्याकडेच आहे.

तिला उचलून न्यायला मी येते आहे.

वहिनी

२४ एप्रिल

वहिनी,

येऊ नका. फोटोचं जे काय बोलायचं ते मला बोला, पोटभर बोला. छबीजवळ त्यातलं एक अक्षर काढू नका. एवढं ऐका.

भावजी

२ मे

आई,

तुझी पत्रं काका जेवताना मोठ्याने वाचून दाखवतात. मुंग्यांचं वाचून त्यांना ठसका लागला होता. १९ तारखेचं पत्र मात्र त्यांनी वाचून दाखवलं नाही. खिशात ठेवलं. मी शर्ट धुवायला घेतला तेव्हा सापडलं.

तो फोटो उलटा करायची युक्ती माझी होती.

काकांनी "आधी"चा फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "नंतर"चा वर्षाने काढू. मी म्हटलं, वर्षाने कशाला, डावी बाजू घ्या आणि उलटी करा. ते नको म्हणत होते. मी हट्ट केला. धंद्यासाठी नाही, आई. तशी मी कशी दिसले असते ते मला बघायचं होतं. फोटोवाल्याने कागद हातात दिला तेव्हा मी तो बराच वेळ बघितला. मग काकांना दिला. त्याचं पुढे काय होईल याचा मी विचार केला नाही. केला असेल तर सोडून दिला.

आणि भुकटी सुरू झाली म्हणजे धंदा सुरू झाला, या अर्थाने मी ते लिहिलं होतं. मी कधी खाल्ली नाही. तू माझं एक वाक्य वाचलंस आणि त्याच्यावर तीन पत्रं लिहिलीस, मला एकदाही विचारलं नाहीस. काकांना विचारत बसलीस. काकांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "तू हिच्या नादी लागू नकोस, ही दुधाची भुकटी आहे, तू सुईच घे." एक डबा मी कुंडीतल्या रोपाला घातला. रोप मेलं नाही आणि वाढलंही नाही. काका म्हणाले, "कोणतेही दुष्परिणाम नाहीत" असं छापायला हरकत नाही.

काका लबाड आहेत हे मला तुझ्याकडून कळायला नको. त्यांच्या तोंडावर मी तसं म्हणते. पण काउंटरवर मला त्यांनी उजेडात बसवलं. तू मला गळ्यापर्यंत बटणांचे झंपर शिवलेस, आणि दवाखान्याच्या बाकावर तीच बटणं काढून शेजारच्या बायकांना माझी मान दाखवलीस. "बघा हो, एवढीशी पोर, काय करावं सांगा." एक बाई हळद सांगायची, दुसरी कोरफड, तिसरी हात लावून बघायची. मी तिथेच होते, आई. आत गेल्यावर सुई मला टोचायची आणि ओरडायचीस तू. डॉक्टर माझं सोडून तुझ्यासाठी पाणी आणायला सांगायचे. सुई दुखते म्हणून मी थांबले नाही. सुई सोसते.

मागच्या आठवड्यात एक बाई आली. तिच्या मुलीच्या अंगावर आधण सांडलं आहे. तिने डबा हातात घेतला, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं. मी नेमकी डावीकडून उभी होते. "ही तूच ना गं?" म्हणाली. मी हो म्हटलं. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि रडायला लागली. "आता डॉक्टरांच्या सुया बंद करते पोरीच्या," असं म्हणत पिशवी उघडायला लागली. तेव्हा मी पूर्ण वळले. तिने माझी उजवी बाजू बघितली. मग तिने पिशवी मिटली, मला शिव्या दिल्या, काकांना दिल्या आणि गेली. बरं झालं, मुलीला सुईला नेईल.

फळीवरचे डबे मी उतरवले आहेत. काका "नुकसान, नुकसान" करत फिरतात, पण परत वर चढवत नाहीत.

इथल्या मोठ्या दवाखान्यात मी नाव घातलं आहे. येत्या चौदा तारखेला पहिली सुई. इथले डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय पण गेलेली नाही वेळ. मी त्यांना पोटातल्या जंतूंचंही विचारलं, तुझ्या पत्रात वाचलं म्हणून. ते हसले नाहीत. म्हणाले, होऊ शकतं, अजून कोणाला सांगता येत नाही, तोवर भाजीपाला खा आणि सुई चुकवू नकोस.

यायचं असेल तर तेराला ये. मला उचलून न्यायला येऊ नकोस, मी कुठे जाणार नाही. आणि दवाखान्यात आत येऊ नकोस.

छबी

२० मे

भावजी,

गावात येऊन घरी का आले नाही म्हणून तुम्ही विचारलंत. बसस्टँडच्या वर खोल्या मिळतात, तिथे उतरले. ढेकूण होते. तरी तुमच्या घरापेक्षा बरं, ते निदान उघडपणे चावतात.

छबी संध्याकाळी खोलीवर आली. आम्ही दोघींनी पाव आणि केळी खाल्ली. मी विचारलं, दुकानात उजेड कुठल्या बाजूने येतो. ती म्हणाली, रस्त्याच्या. मग मी तिला तुमच्याबद्दल चार शब्द ऐकवायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "आई, पुरे." मी थांबले. तुम्हाला ते चार शब्द आता लिहून पाठवते, म्हणजे वाया जायला नकोत.

तुम्ही तिला पहिल्याच दिवशी खरं सांगितलंत. ते तिने तुमच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून मला लिहिलं आहे. ती तरुण आहे, तिला तसं वाटू दे. मला ते वाचून काय वाटलं ते सांगते. इतके दिवस मी समजत होते की तुम्हाला कळत नाही. एका शब्दाने तुमचा घोळ झाला, मास्तराने तुम्हाला बुडवलं, दीर आपला बावळट आहे. मी कोश घेऊन बसले होते, तुम्हाला अर्थ समजावून सांगायला! तुम्हाला अर्थ माहीत होता. घरातल्या मुलीसाठी एक आणि खुर्चीवर बसलेल्या बाईसाठी दुसरा. मूर्ख समजत होते तेच बरं होतं. मूर्खाला मी जेवायला वाढलं असतं.

फोटोचं तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलंत. तेही मला कळलं. त्याचं काय करायचं ते मला अजून ठरवता येत नाही, म्हणून इथे काही लिहीत नाही.

उरलेल्या डब्यांचं तुम्ही विचारलं आहे, मी जुन्या भावाने पुठ्ठा घेईन का. नाही. तो पुठ्ठा पातळ आहे, आणि त्याच्यावर माझ्या मुलीचा चेहरा आहे. चेहरे कापून माझ्याकडे पाठवा, भुकटी गुरांना घाला. गुरांनी तोंड फिरवलं तर मला कळवू नका.

ती बाई, जिच्या मुलीवर आधण सांडलं, ती चौदाला दवाखान्यात होती असं छबी म्हणते. मी तिला ओळखत नाही, तेव्हा दिसली असली तरी मला कळलं नसतं. तिच्या घरी जाऊन तुम्ही माफी मागावी असं मला वाटतं. तुम्ही जाणार नाही. तरी लिहून ठेवते.

छबी तुमच्याकडेच राहणार म्हणते, काउंटरवर. तुम्ही आता साबण आणि कंगवे ठेवणार आहात असं ऐकलं. साबणाच्या वेष्टनावर काय छापणार ते आधी मला पाठवा. मी वाचून देईन. फुकट. तुमच्यावर उपकार म्हणून नाही, तिला त्या फळीपुढे बसायचं आहे म्हणून.

तेराला रात्री तिने मला केस विंचरायला दिले. मान एका बाजूला जेमतेम कलते, दुसऱ्या बाजूला कलतच नाही. मी उठून तिच्या मागच्या बाजूला गेले आणि तिथून विंचरले. व्रण हाताला लागला. गरम होता. मी हात काढला नाही आणि तोंडातून आवाजही काढला नाही. तिला ते कळलं असावं, कारण वेणी झाल्यावरही ती लगेच उठली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. तिचं नाव पुकारल्यावर ती आत गेली. मी बाहेरच्या बाकावर बसले. शेजारच्या बाईने विचारलं, कोणाला काय झालंय. मी म्हटलं, ते तिला विचारा, आणि बसून राहिले.

वहिनी